वरच्या होडीची दुरुस्ती

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई उगीच घाबरवते. गॅसचा खटका पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही आणि मेट्रो मधेच पुलावर थांबली की माझे हातपाय गार पडतात. वेसाव्याच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या मुलीला हे शोभत नाही, असं आई मला लहानपणापासून ऐकवत आली आहे. तिचं म्हणणं असं, की आपल्या घरातले पुरुष समुद्रात जातात. आपण घाबरायला बसलो तर दुसरं कामच व्हायचं नाही. तिचं बरोबर आहे, पण मला ते कधी जमलं नाही. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी तर माझी भीती कॉम्प्युटरवरच्या एका खेळातून सुरू झाली. ऑफिसातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या अजूनही हसतात.

बाबा आमच्या होडीचे तांडेल होते. म्हणजे होडी कुठं न्यायची, जाळं कुठं टाकायचं आणि कधी मागं फिरायचं हे ठरवणारे. होडी आमची स्वतःची, लाकडी. काही वर्षांपूर्वी जाळं ओढायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला. हात वाचला, पण बोटांत जोर राहिला नाही. होडी माझ्या धाकट्या भावाकडे गेली आणि बाबा घरी बसले. घरी बसलेला तांडेल हा काय ताप असतो ते कोळीवाड्यात कुणालाही विचारा. आई बाजाराला निघाली की ते तिच्या पाटीतली मासळी पुन्हा रचून द्यायचे, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीत खोट काढायचे, आणि मी ऑफिसला निघाले की आज वारा कुठून आहे ते मला सांगायचे. मेट्रोनं अंधेरीला जाणाऱ्या बाईनं त्या वाऱ्याचं करायचं काय? शेवटी भाऊ वैतागला. त्यानं आपला जुना लॅपटॉप बाबांपुढे ठेवला आणि अवकाशातल्या व्यापाराचा एक खेळ लावून दिला.

खेळ तसा साधा. तुमच्याकडे एक यान असतं. एका स्थानकावर माल घ्यायचा, दुसऱ्या स्थानकावर नेऊन विकायचा आणि मधल्या फायद्यावर जगायचं. वाटेत लुटारू गाठतात, दगड आदळतात, आणि काहीच झालं नाही तरी नुसत्या प्रवासानं यान झिजतं. पडद्याच्या कोपऱ्यात यान किती धडधाकट आहे ते दाखवणारी पट्टी असते. ती आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल. बाबांना इंग्रजी जेमतेम येतं, पण आकडे आणि रंग कळायला इंग्रजी कुठं लागतं? अडलेले शब्द मी सांगायचे, बाकी सगळं ते डाव्या हातात माऊस धरून स्वतःच शिकले. यानाला ते वरची होडी म्हणायचे. बंदरावरची आमची ती खालची होडी.

वरच्या होडीची पहिली फेरी निघाली त्या दिवशी त्यांनी आईला हाक मारून लॅपटॉपला हळदकुंकू लावायला सांगितलं. आईनं ते लावलंही, आणि वर पदरानं स्क्रीन पुसायला निघाली होती, तिला मी अडवलं. मग बाबांच्या शंका सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या होडीत एकच माणूस कसा? जेवण कोण रांधतो? तो झोपला तर सुकाणू कोण धरतो? मी म्हटलं, बाबा, खेळ आहे हा. त्यावर ते म्हणाले की खेळ असला तरी एकट्यानं जायची आपली पद्धत नाही.

पहिल्या फेरीत त्यांना चांगला फायदा झाला. ते इतके हरखले की भावाला फोन लावून बंदरावरून घरी बोलावलं. मग यान दुरुस्तीला नेलं आणि पडद्यावर आकडा आला. सगळा फायदा त्यात गेला, वर गाठीचे थोडे गेले ते वेगळेच. बाबांनी मला घासाघीस करायचं बटण शोधायला लावलं. तसं बटण नाही हे मी शपथेवर सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. त्या खेळात बाकी सगळं स्वस्त आहे. इंधन स्वस्त, बंदराचं भाडं नावाला. फक्त दुरुस्तीच्या नावानं गळा कापतात. बरं, होडी जितकी मोठी आणि चांगली, तितकी तिची दुरुस्ती महाग, म्हणजे पैसा मिळवून मोठं व्हावं तर जास्तच लुबाडले जाता. मी चिडले. बाबा मात्र चिडून झाल्यावर शांत झाले आणि मला समजावत बसले.

"एवढ्या काळोखात एकच दुकान हाय," ते म्हणाले. "तो मागेल तो भाव. त्याला न देऊन तू जाशील कुठं?"

आणि ते देत राहिले. प्रत्येक फेरीआधी पट्टी पूर्ण हिरवी झाल्याशिवाय वरची होडी त्यांनी कधी हलवली नाही. दुरुस्तीत पैसे गेल्यामुळे माल कमी घ्यावा लागायचा, माल कमी म्हणून फायदा कमी. भाऊ त्याच खेळात कुठल्या कुठे गेला होता, त्याच्याकडे बाबांच्या होडीसारख्या कितीतरी मावतील असं यान होतं. तो बाबांची थट्टा करायचा, की तुम्ही दुरुस्तीतच म्हातारे होणार. बाबा म्हणायचे, झालोच की.

त्या पावसाळ्यात मासेमारीला समुद्र बंद झाला आणि नेहमीसारख्या सगळ्या होड्या खाडीच्या काठावर ओढून घेतल्या गेल्या. हेच दुरुस्तीचे दिवस. तळ खरवडायचा, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, कुजलेली फळी बदलायची, रंग द्यायचा. सुतार आला, होडीभोवती फिरला आणि म्हणाला की मागच्या बाजूच्या तळाच्या फळ्या बदलायला हव्यात. मग त्यानं भाव सांगितला. तसं लाकूड आता सहज मिळत नाही, आणि ते काम जाणणारे सुतारही राहिले नाहीत. भाऊ घरी आला तो सरळ जेवायला बसला. त्याच वर्षी त्यानं होडीला नवीन इंजिन बसवलं होतं आणि हात पार रिकामे झाले होते. त्यानं ठरवलं की फळ्या तशाच ठेवायच्या, सांधे भरायचे आणि बाहेरून फायबरचा थर मारून घ्यायचा.

बाबा म्हणाले, फायबरखाली लाकूड दिसत नाही, कुजलं तर कळणार कसं? भाऊ म्हणाला, बाहेरून पाणी येणारच नाही तर कुजेल कशाला? आवाज चढत गेले. आई मधे पडली, पण तिचं कुणी ऐकलं नाही. शेवटी भावानं विचारलं की होडी नक्की कोण चालवतं, तुम्ही की मी? हे त्यानं विचारायला नको होतं. बाबांचा दुखरा हात मांडीवर होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं झाकला.

"होडी तुला दिली," ते म्हणाले. "आता काम होईस्तोवर मी बंदरावर पाय ठेवणार नाय."

त्यांनी शब्द पाळला. पावसाळाभर ते खाली गेले नाहीत. घरात बसून वरच्या होडीची दुरुस्ती करत राहिले. मी ऑफिसातून यायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तो हिरवा उजेड पडलेला असायचा. माझी भीती सुरू झाली ती तेव्हापासून. माझा भाऊ आणि त्याच्याबरोबरचे खलाशी त्या फळ्यांवर उभे राहून समुद्रात जाणार होते, आणि ज्या एका माणसाला त्या फळ्या कळत होत्या तो रुसून घरात बसला होता. मी आईला तसं बोलून दाखवलं. आई म्हणाली, तुला काय, लिफ्टचीही भीती वाटते.

एका रविवारी भाऊ जेवून बाबांशेजारी बसला. भांडण झालं होतं, पण आमच्या घरात जेवणाच्या वासानं निम्मी भांडणं मिटतात. बाबा पुन्हा दुरुस्तीचे पैसे भरत होते. भाऊ म्हणाला, बाबा, हा मूर्खपणा आहे, दुरुस्ती करूच नका. मग त्यानं माऊस घेतला आणि दाखवलं. यानाचा विमा असतो. ते पार फुटलं की विमा कंपनी नवंकोरं यान देते, आणि त्यासाठी जे पैसे भरावे लागतात ते दुरुस्तीच्या मानानं चिल्लर. म्हणून हुशार लोक यान झिजवतात, झिजवतात आणि मग सरळ नेऊन सूर्यात घालतात. त्यानं तसंच केलं. बाबांची वरची होडी सूर्याकडे गेली, पडदा पांढरा झाला, आणि क्षणात ती स्थानकावर उभी, नवी, पट्टी हिरवीगार.

"आनि आतला माणूस?" बाबांनी विचारलं.

"त्याला काय होतंय, बाबा. तो परत बंदरातच उठतो."

बाबांनी लॅपटॉप मिटला आणि ते दारात जाऊन बसले. भाऊ हसला, मीही हसले, आणि स्वयंपाकघरात भांडी घासताना माझे हात थांबले. माझा भाऊ पैशासाठी होडी बुडवणाऱ्यांतला नाही, कधीच नव्हता. पण दुरुस्ती म्हणजे मूर्खपणा, हे त्याच्या तोंडून किती सहज आलं होतं. मला त्या सहजपणाची भीती वाटली आणि ती नंतर गेलीच नाही.

नारळी पौर्णिमा आली. होडीला निळा-पिवळा रंग, पताका, झेंडूच्या माळा. आमच्या घराची एक पद्धत आहे, ती इथं सांगायला हवी. एकदा होडीची पूजा झाली, समुद्राला नारळ दिला, की तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. ती गळते, हळू चालते, तिचा रंग उडाला, यातलं काहीही त्या हंगामात तोंडातून काढायचं नाही. सासरी निघालेल्या मुलीचे दोष जसे कुणी काढत नाही, तसंच. मी लहान असताना पूजेनंतर एकदा म्हणाले होते की आपली होडी वाकडी दिसते. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मला होडीपुढे नाक घासायला लावलं.

बाबा त्या दिवशी बंदरावर आले. काम झालं होतं, शब्द पुरा झाला होता, आणि पूजेला न येणं त्यांना शक्यच नव्हतं. पण ते मुद्दाम उशिरा आले, आरती संपता संपता, म्हणजे भावाशी बोलायला नको. नारळ देऊन झाला. नारळीभात वाटला जात होता. तेव्हा बाबा सवयीनं होडीच्या कडेनं चालायला लागले आणि डाव्या हाताच्या मुठीनं फळ्या ठोकत गेले. हे ते पूर्वी दर वर्षी करायचे, पण पूजेच्या आधी. मागच्या बाजूला, डावीकडे, खाली, त्यांचा हात थांबला. पुन्हा ठोकलं. मग त्यांनी होडीला कान लावला.

मी जवळच होते. मी विचारलं, काय झालं? ते माझ्याकडे बघत राहिले. आई द्रोण घेऊन आमच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ते म्हणाले, काय नाय, आणि आईच्या हातून द्रोण घेतला.

पहिल्या फेरीहून होडी नीट आली. मासळी चांगली मिळाली, आईचा आवाज बाजारात चढला, आणि मी स्वतःला समजावलं की मी नेहमीसारखी वेड्यासारखी घाबरले होते. दुसऱ्या फेरीला होडी गेली तेव्हा वारा वाढला. फोनची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. पुढे फक्त वायरलेस, आणि तो आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, बंदरावर.

होडी जाऊन काही दिवस झाले होते. सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. बाबा लॅपटॉपपुढे बसलेले. सहज नजर गेली तर वरच्या होडीची पट्टी लाल. असं कधीच झालं नव्हतं. मी विचारलं, काय झालं, पैसे संपले का? त्यांनी मान हलवली. पैसे होते, मला दिसत होते. मग दुरुस्त करू का, मी विचारलं.

"नको. पूजा झालीय," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी पडद्यावरच्या यानाच्या चित्राला हात लावला. मागच्या बाजूला, डावीकडे, खाली. तिथं त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं, एकदा आणि पुन्हा एकदा. चित्रात त्या जागी कसलीही खूण नव्हती.

"इथं आवाज बसका हाय," ते म्हणाले.

काचेवर ठोकल्यावर सगळीकडे एकच आवाज येतो. माझ्या हातातली ओढणी खाली पडली. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, बाबा, तुम्ही कुठल्या होडीचं बोलताय?

"वरच्या होडीचं बोलतोय, बाय. खालच्या होडीचं मी काय बोललो नाय." त्यांचे डोळे भरले होते. पूजा झाल्यापासून ते हे गिळून बसले होते, आणि वारा वाढल्यावर त्यांना गिळवेना, बोलवेना. खालच्या होडीत त्यांचा मुलगा होता.

बंदरापर्यंत मी कशी गेले ते मला नीट आठवत नाही. गल्लीत सुकत घातलेल्या बोंबलांवर पाय पडला आणि एक म्हातारी मागून ओरडली, एवढं आठवतं. सोसायटीच्या ऑफिसात वायरलेसवर बसणारे काका बाबांच्या वयाचे, त्यांच्याच बरोबर समुद्रात वाढलेले. मी सांगितलं, आमच्या होडीला बोलवा. त्यांनी कारण विचारलं. मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, असं करू, मी सांगतो घरी काम निघालंय, लवकर ये. त्यांना कशाची काळजी वाटत होती ते मला कळत होतं. वायरलेसवर बोललेलं एका होडीला जात नाही. त्या बाजूच्या सगळ्या होड्या ऐकतात, आणि संध्याकाळपर्यंत कोळीवाडा ऐकतो. पूजेला महिनाही झाला नव्हता. स्वतःच्या होडीला भर समुद्रात, सगळ्यांसमोर, घरच्याच बाईनं नावं ठेवायची, हे कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पण घरी काम निघालंय म्हटलं असतं तर भावानं आधी जाळं काढलं असतं, मासळी बर्फात भरली असती, आणि सावकाश निघाला असता. मला तो माहीत आहे. आणि बाबांचा कान चुकला असला तर? हेही मनात आलं. माझी पाचावर धारण बसली होती. मी बोलायचा माईक हातात घेतला. काकांनी बटण दाबून दिलं.

"मागच्या बाजूला, डावीकडे, खाली, फळी कुजलीय," मी म्हटलं. "बाबांनी आवाज ऐकलाय. मागं फिर."

खरखर आली, नंतर काहीच नाही. काकांनी माझ्याकडे बघणं टाळलं. मग भावाचा आवाज आला, रागावलेला: ताई, बंद कर ते. मी बंद केलं नाही, तेच पुन्हा बोलले.  वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

"पाणी कालपासून येतंय," तो म्हणाला.

म्हणजे त्यालाही माहीत होतं. पंप चालू ठेवून तो जाळी टाकत होता, आणि वायरलेस हाताशी असून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पूजा झाली होती ना. बाबा घरात गप्प, तो समुद्रात गप्प, आणि होडीत पाणी भरत होतं. मला इतका राग आला की क्षणभर भीतीही गेली. मग दुसरे आवाज यायला लागले. कुणीतरी विचारलं, कुठं आहेस रे तू? भावानं जागा सांगितली. मढ गावच्या एका होडीनं सांगितलं की आम्ही जवळ आहोत, वळतोय. आणखी एकानं सांगितलं. त्यांनी ऐकलं होतं म्हणून ते वळले.

मी धक्क्यावर जाऊन बसले. आई बाजारातून आली ती रिकामी पाटी काखेत घेऊन. मी सांगायच्या आधीच तिच्या कानावर गेलं होतं. तू बोललीस? तिनं विचारलं. मी हो म्हटलं. पूजेनंतर? हो. ती माझ्यापासून लांब जाऊन बसली, पाठ करून. बाकीच्या बायका तिच्याजवळ बसल्या, माझ्याजवळ कुणी आलं नाही. मला सारखं एकच वाटत होतं, की होडी बुडाली तर ती माझ्या जिभेनं बुडाली असं सगळे म्हणतील, आणि मीही म्हणेन. थोड्या वेळानं बाबा आले, पायात चप्पल नव्हती. ते आईजवळ गेले नाहीत, माझ्याजवळ येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मढची होडी आमच्या धक्क्याला लागली. तोवर वायरलेसवर कळलं होतं, पण डोळ्यांनी बघेपर्यंत माझा जीव टांगणीलाच होता. मागं फिरल्यावर काही तासांत ती फळी गेली, फायबरचा थर घेऊनच गेली. पंपाला पाणी आवरेना. मढची होडी तोवर शेजारी येऊन पोचली होती. शेवटचा माणूस पलीकडे चढला तेव्हा आमच्या होडीचा मागचा भाग पाण्याखाली होता. खलाशी एकेक करून उतरले, भाऊ शेवटी. त्याच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट होता. तो बाबांसमोर उभा राहिला आणि त्यानं मान खाली घातली.

"बाबा, होडी गेली."

"आतली माणसं?"

"सगळी आली."

बाबांनी मान हलवली आणि आपला दुखरा हात त्याच्या मानेवर ठेवला. माझा भाऊ, लग्नाच्या वयाचा गडी, तिथंच धक्क्यावर खाली बसला आणि रडला. मला वाटतं त्याला तो रविवार आठवला असावा. मी विचारलं नाही.

नंतरचे महिने वाईट गेले. विम्याचं जे आलं त्यात निम्मी होडीही आली नसती, आणि ते येईपर्यंत भावाच्या चपला कचेरीच्या फेऱ्यांत झिजल्या. खेळातल्यासारखी नवी होडी धक्क्यावर उभी राहून वाट बघत नव्हती. तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा तिनं मीठमिरच्यांनी माझी दृष्ट काढली आणि त्या चुलीत टाकताना काहीतरी पुटपुटली. ती दृष्ट माझी होती की माझ्या जिभेची, ते मला कळलं नाही. एका मावशीनं सुचवलं की पुढच्या पूजेला मला आणू नये. आई काही म्हणाली नाही, त्याचं मला जास्त लागलं.

बाबा पुन्हा वरच्या होडीवर बसायला लागले. लाल पट्टी बघून त्यांनी होता नव्हता तो माल तोट्यात विकला आणि दुरुस्तीवाल्याच्या पदरात घातला. भाऊ आता त्यांच्या शेजारी बसतो. त्या सूर्याचं नाव तो काढत नाही. कधी कधी स्वतःच म्हणतो, बाबा, आधी पट्टी बघा.

यंदा आम्ही काकांबरोबर भागीत एक जुनी होडी घेतली. वायरलेसवरचेच ते काका. पावसाळाभर बाबा खाडीच्या काठावर होते आणि सुट्टीच्या दिवशी मला बरोबर नेत होते. घरातला पाट, दरवाजा, होडीच्या फळ्या, सगळं त्यांनी मला ठोकून दाखवलं. चांगल्या लाकडाचा आवाज कसा पुढे जातो आणि कुजलेल्याचा तिथंच कसा बसतो. मला ते जेमतेम कळलं. हे मलाच का शिकवता, मी विचारलं. ते म्हणाले की बाकीच्यांना होडीचं कौतुक असतं, तुला भीती असते.

नारळी पौर्णिमेला सगळे जमले. पताका लागल्या, ताट सजलं, भावानं सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हातात घेतला. ती मावशीही आली होती. बाबा पुढे झाले आणि त्यांनी भावाला थांबवलं. म्हणाले, आधी ही बोलेल, मग नारळ.

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. नवी साडी, हातात बांगड्या, आणि मला घाम फुटलेला. मी पुढून सुरुवात केली. एकेक फळी ठोकत गेले आणि प्रत्येक ठोक्याला मला दोन्हीची भीती वाटत होती, बोलावं लागलं तर आणि न बोलता राहून गेलं तर. अर्ध्याहून पुढे गेले. मग एका जागी आवाज खाली बसल्यासारखा वाटला. मी पुन्हा ठोकलं. खात्री होत नव्हती. मागं वळून पाहिलं तर आई ताट घेऊन उभी होती, माझ्याकडेच बघत.

"बोल गो," आई म्हणाली.

मी तिथं हात ठेवला. "इथं," मी म्हटलं.

भावानं नारळ खाली ठेवला.